हरणांसाठी राखलेले कुरण



रानातल्या जनावरापासून पीक कसे राखावे, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. कुंपण कसे घालावे, जागल कशी करावी, नुकसान झाले तर पंचनामा कसा करून घ्यावा, हे सारे मी गावोगावच्या ओट्यांवर बसून सांगितले आहे. अशा माणसाने हरणांसाठी चारा कसा वाढवतात ते पाहायला पदरचे पैसे खर्चून परमुलखात जावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. माझ्या घरातही वाटले. "अजी, हरणं पाहायला एवढ्या लांब कशाला? आपल्या लाखोळीत येतात तीच पाहा की!" असे आमच्या सौभाग्यवतींनी ऐकवलेच. पण माझ्या मनात एक जुने शल्य होते. आधी ते सांगतो, मग प्रवासाला निघू.

माझी चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे नवेगावच्या जंगलाला लागून असलेली काही धानाची गावे होती. धान निघण्यापूर्वी बांधीत लाखोळी फेकायची, म्हणजे उतेरा करायचा, ही तिकडची जुनी रीत. थंडी पडली, लाखोळी हिरवीगार झाली, की रात्री चितळांचे कळप उतरत. सकाळी जाऊन पाहावे तर शेंड्यापासून सारे खुडलेले.

मी तेव्हा तरुण होतो. बी. एस्सी. ॲग्रीकल्चरची पदवी घेऊन नुकताच आलो होतो. अमेरिकेत शिकारीचे शौकीन लोक रानाच्या कडेला क्लोव्हर, ओट असली पिके मुद्दाम हरणांसाठी पेरतात, हे मी कुठेतरी वाचले होते. तिकडे हरिण जवळ यावे म्हणून पेरतात. आपण ते शेतापासून दूर राहावे म्हणून पेरावे, असे माझ्या डोक्यात आले. जंगलाच्या हद्दीला लागून पाच शेतकऱ्यांच्या जमिनीत ज्वारी आणि लाखोळीची एकेक पट्टी पेरायला लावली. हरणे तिथेच पोट भरतील, पुढे येणार नाहीत, असा हिशेब होता.

पहिल्या वर्षी हिशेब बरोबर निघाला. गावाने कौतुक केले, मीही फुगलो. दुसऱ्या हिवाळ्यात कळप दुपटीने मोठे आले. पट्ट्या आठवडाभरात संपल्या आणि चितळे सरळ पुढे शिरली. सर्वांत जवळची बांधी एका विधवा बाईंची होती. तिची दोन एकर लाखोळी तीन रात्रींत गेली. मी पाहायला गेलो तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, पाहुण्याला ओसरीवर जेवू घातलं, तर तो उद्या सैपाकघरात येणारच."

कृषी महाविद्यालयात चार वर्षांत जे शिकलो नव्हतो, ते त्या बाईने एका वाक्यात शिकवले. पण मनातला प्रश्न मिटला नाही. ओसरीवर नाही, तर पाहुण्याला जेवायला घालायचे कुठे?

वैनगंगेच्या काठी

गेल्या हिवाळ्यात रजा घेतली आणि आम्ही दोघे निघालो. गोंदियाहून रेल्वेने बालाघाट. आपली वैनगंगा इथे लागते. तेच पाणी पुढे आपल्या भंडारा जिल्ह्यात येते, म्हणून परमुलूख वाटतच नाही. बोलीही ओळखीची, बाजारात पोवारी कानावर येते, भाजीवाली मराठी समजते. तिथून बैहरची मोटार धरली. रस्ता घाट चढू लागतो, बांध्या मागे पडतात आणि सालाचे रान सुरू होते. साल म्हणजे आपल्याकडे ज्याला सरई म्हणतात ते झाड. पानझडीत आपले सागवान उघडे पडते, पण सरई भर थंडीतही हिरवी असते. बैहरच्या पुढे मुक्की हे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे एक फाटक. इथून वाहणारी बंजर नदी मंडल्याला नर्मदेला मिळते. म्हणजे सकाळी गोदावरीच्या खोऱ्यातून निघालेला माणूस संध्याकाळी नर्मदेच्या खोऱ्यात मुक्कामाला असतो.

कान्ह्याला वाघासाठी लोक येतात. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत कान्हा होते. पण मला पाहायचा होता बारशिंगा.

सहासष्ट उरले होते

बारशिंगा हे चितळापेक्षा बरेच मोठे हरिण. नराच्या शिंगांना मिळून दहा ते चौदा टोके असतात, म्हणून हे नाव. आसाम आणि तराईकडचे बारशिंगे दलदलीत राहतात. मध्य भारतातला मात्र कडक जमिनीवर राहणारा. पूर्वी तो मध्य प्रांतात पुष्कळ होता. १९३८ च्या सुमारास एकट्या कान्हा भागात तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज सांगतात. १९७० च्या मोजणीत उरले ६६! आणि ही जात जगात दुसरीकडे कुठेही शिल्लक नव्हती.

बंदुकीने बरेच गेले. पण शिकार थांबल्यावरही संख्या वाढेना. जॉर्ज शेलर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. त्याच्यानंतरही इतरांनी केला. त्यातून जे कळले ते तुम्हां-आम्हांला, गुरे राखणाऱ्यांना, चटकन पटेल.

चितळ हे शेळीसारखे आहे. गवत खाईल, पाला खाईल, पडलेली फळेफुले खाईल; वानराने झाडावरून टाकलेला पालाही वेचून खाईल. बारशिंगा तसा नाही. तो जवळजवळ गवतावरच जगतो. गवत नाही तर बारशिंगा नाही. शिवाय त्याची मादी पावसाळ्याच्या शेवटी विते आणि पाडसाला उंच गवतात लपवून ठेवते. म्हणजे त्याला गवताचे ताटही पाहिजे आणि गवताचा पाळणाही पाहिजे.

त्या काळात दोन्ही नाहीसे होत होते. कुरणांवर आसपासच्या गावांची गुरे चरत. उन्हाळ्याआधी कोवळा फुटवा यावा म्हणून दरवर्षी सगळे कुरण जाळले जाई. एकदा जाळले तर फुटवा येतो हे खरे. पण दरसाल, सगळेच्या सगळे जाळत गेले तर चांगली बहुवर्षायू गवते दमतात, जाड, राठ आणि निरुपयोगी गवते माजतात, आणि लपायला जागा राहत नाही. आपल्या गायरानांचे काय झाले ते आठवा. मारवेल, पवन्या गेले आणि कुसळी, तरोटा राहिला. कारणे तीच, फक्त इथे गुरांच्या बरोबर बारशिंगाही उपाशी राहिला.

मग उपाय झाले. जाळणे आवरले, जाळायचेच तर तुकड्यातुकड्याने, पाळी लावून. पाणवठे केले. काही बारशिंगे मोठ्या कुंपणात सुरक्षित ठेवून त्यांची पैदास वाढवली. आणि उद्यानाच्या गाभ्यातली गावे बाहेर हलवली. गावांच्या बांध्यांवर आणि पडीक जमिनींवर गवत आले, गवतावर बारशिंगा आला. आज तिथे हजाराच्या आसपास बारशिंगे आहेत. २०१५ पासून त्यांतले काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये काही बांधवगडला नेऊन सोडले, म्हणजे एका जागी रोग आला तरी जात बुडणार नाही. मध्य प्रदेशाने त्याला राज्यप्राणी केले आहे.

कुरणावरची सकाळ

पहाटे अंधारातच उघड्या जीपगाडीत बसलो. थंडी अशी की सौभाग्यवतींनी दोन घोंगड्या पांघरूनही दात वाजत होते. सरईच्या रानातून गाडी एकदम मोकळ्यावर आली. समोर सौंफचे मैदान. पूर्वी इथे सौंफ नावाचे गाव होते, १९७० च्या दशकात ते हलवले. गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. मीठ शिंपडावे तसे.

वाटाड्याने बोट दाखवले. आधी मला फक्त शिंगे दिसली; गवतातून वाळक्या फांद्या वर आल्यासारखी. मग एकेक नर उभा राहिला. पिवळसर तपकिरी अंग, मानेवर दाट केस. तो त्यांचा माजाचा काळ होता. एका नराने मान वर करून ओरडायला सुरुवात केली. गाढवाचे रेकणे आणि रणशिंग यांच्या मधला तो आवाज. त्याच्या शिंगांत गवताचे पुंजके अडकलेले होते. वाटाड्या म्हणाला, ते अडकलेले नाहीत, या दिवसांत नर गवतात शिंगे घुसळून मुद्दाम ते डोक्यावर घेतात. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "म्हणजे मुंडावळ्याच की!" थंडी विसरून आम्ही हसलो.

पलीकडे पाणथळीत काही माद्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाणवनस्पती खात होत्या. चितळांचा कळप वेगळा, कडेच्या झाडांखाली. मी मात्र गाडीतून वाकून गवत पाहत होतो. वाटाड्याला गंमत वाटली. "साहेब, लोक वाघ विचारतात, तुम्ही चारा विचारता!"

पण त्याने जे सांगितले ते मी वहीत टिपून घेतले. कुरण आपोआप राहत नाही. घाणेरी, रानतुळस, तरोटा यांना बी धरण्याआधी मुळासकट उपटावे लागते, तेही दरवर्षी. रान कडेने आत सरकते, त्याची रोपे काढावी लागतात. जिथे गवत विरळ आहे तिथे चांगल्या गवताचे बी किंवा ठोंब पावसाच्या सुरुवातीला लावतात आणि जम बसेपर्यंत तो तुकडा राखतात. एक तुकडा उंच ठेवायचा, एक आखूड. उंच तुकड्यात पाडस लपते, आखूड तुकड्यात कोवळा चारा मिळतो. गवत फुलोऱ्याच्या पुढे गेले की त्यातला कस उतरतो, हे तुम्ही वैरण कापताना पाहताच. हरणालाही ते कळते.

म्हणजे हे मी केले तसे पीक पेरणे नव्हते. ज्वारी-लाखोळीची पट्टी हे चार दिवसांचे पंचपक्वान्न. कुरण ही बारा महिन्यांची भाजी-भाकरी. आणि सर्वांत मोठा फरक जागेचा. ही कुरणे रानाच्या पोटात आहेत, शेताच्या बांधावर नाहीत. ताट, पाणी आणि लपण एका जागी मिळाले, तर जनावराला बाहेर हिंडायचे कारण कमी होते. त्या बाईंच्या ओसरीचे उत्तर मला तिथे मिळाले.

आंब्याची चौकशी

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या मैदानात मधेच दोन-तीन जुनी आंब्याची झाडे दिसली, एक मोहाचे. रानात आंबा असा ओळीने येत नाही. खाली पाहिले तर गवताखाली जमिनीला चौकोनी उंचवटे. धानपट्ट्यातला माणूस ते ओळखणार नाही असे होणार नाही. बांध्यांचे बांध होते ते. कुणाच्या तरी आजोबाने फावड्याने घातलेले.

दुपारी मुक्कामाच्या गावात एक म्हातारे गोंड बाबा भेटले. लहानपणी त्यांचे गाव आतून बाहेर आणले होते. जमीन मिळाली, पण ती उंचावरची, मुरमाड. पहिली काही वर्षे फार ओढीची गेली, म्हणाले. आता दर कुटुंबाला रोख पंधरा लाखांचा पर्याय असतो, पूर्वी तो दहा लाखांचा होता. त्यांच्या वेळी असले काही नव्हते. रोख मिळालेल्यांचेही सगळे भले झाले असे नाही. पैसा संपतो, बांधी संपत नाही. तिथल्या बैगा आणि गोंड लोकांच्या मनात ही सल अजून आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

मी बारशिंगे पाहिल्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "आणि आंबा? आंब्याची झाडं आहेत का अजून?"

आहेत म्हटल्यावर म्हातारा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या बापाच्या बांधीत इतकं हिरवं कधी पिकलं नाही. आता हरणं खातात. खाऊ देत. पण आंबा कुणाचा, ते त्यांना कोण सांगणार?" सौभाग्यवतींनी जवळच्या डब्यातले लाडू त्यांच्या हातावर ठेवले. दुसरे काय करणार?

वाचकहो, कुरणात हरिण पाहून आनंद झाला तो खरा, आणि त्या कुरणाची किंमत कुणी दिली तेही खरे. दोन्ही सांगणे माझे काम आहे.

आपण काय करावे?

आपल्याला गाव हलवायचे नाही आणि बारशिंगाही आपल्याकडे नाही. पण चितळ, नीलगाय, रानडुक्कर आहेत. कान्ह्याहून परतल्यावर जे मला पटले ते मांडतो.

पहिले, शेताच्या कडेला हरणांसाठी म्हणून काहीही पेरू नका. मी ते करून पाहिले आहे. ते आमंत्रण ठरते.

दुसरे, २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांनी आपल्या रानाच्या आतल्या भागात, शेतापासून जितके दूर जमेल तितके, मोकळे माळ गवतासाठी राखावेत. घाणेरी काढा. कार्तिकाच्या सुमारास रानातल्याच चांगल्या गवताचे बी झाडून ठेवा. मारवेल, पवन्या, डोंगरी ही आपलीच गवते आहेत. बी हलके असते, वाऱ्याने उडते; म्हणून माती आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या करा आणि पहिल्या पावसावर टाका. मारवेलीचे ठोंब लावले तर अधिक खात्रीचे. पहिले वर्षभर तिथे गुरे सोडू नका. पुढेही पाळीने सोडा. वनखात्याच्या ताब्यातली जागा असेल तर त्यांच्या परवानगीवाचून काही करू नका.

तिसरे, जवळ पाणी नसेल तर गवताचा अर्धाच उपयोग. उन्हाळ्यात जनावर पाण्यासाठीच गावाकडे येते.

चौथे, फसू नका. आत कुरण झाले म्हणून चितळ लाखोळी सोडील असे नाही. ओढ कमी होईल, थांबणार नाही. जागल, मचाण, कुंपण हे राहणारच. शक्य असेल तर चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून सौरकुंपण करावे. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. पण खांबावरच्या विजेची तार शेताला लावू नका. पाया पडून सांगतो, लावू नका. अशा तारेने जनावर मरते, वाघ मरतो, आणि रात्री पाणी सोडायला गेलेला शेजारचा पोरगाही मरतो. मी अशा घरी सांत्वनाला जाऊन आलो आहे. शिवाय तो गुन्हा आहे. नुकसान झालेच तर दोन-तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करा आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका.

परतल्यावर मी त्या विधवा बाईंच्या गावी जाऊन आलो. आता ती म्हातारी झाली आहे, शेती मुलगा पाहतो. अंगणात बसून तिला सगळे सांगितले. बारशिंगा, मुंडावळ्या, बांध्यांवरचे गवत, आंबा. ओसरीचे तिचे वाक्य मी इतकी वर्षे जपले हेही सांगितले. ती हसली. "मी असं बोलले होते? आठवत नाही बा. लाखोळी मात्र आठवते."

मुलाने विचारले, "काकाजी, त्या गवताचं बी मिळेल का?" त्यांच्या ग्रामसभेकडे रानाचा हक्क आहे. आत एक जुना माळ आहे, घाणेरीने भरलेला. येत्या उन्हाळ्यात पाच एकरांतली घाणेरी काढून पाहायचे ठरले आहे. कुदळ घेऊन मीही जाणार आहे. या वेळी फायदा होईल असे वचन मी कुणाला दिलेले नाही. दोन पावसाळे गेल्यावर काय दिसते ते, भले असो वा बुरे, तुम्हांला याच पानावर कळवीन.

निघताना म्हातारीने पदराखालून लाखोळीच्या डाळीची पुडी काढून हातात दिली. म्हणाली, "यंदा थोडी वाचली."